खड्डा वेगळा, बीळ वेगळं

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाचं पत्र आलं. तुमच्या अंगणातली हिरवळ ठिकठिकाणी उकरलेली आढळली आहे, चौदा दिवसांत ती पूर्ववत करावी आणि 'उपद्रवी प्राण्याचा' बंदोबस्त करावा, असा मजकूर. पुराव्यादाखल फोटो. फोटोत माझं लॉन, त्यावरचे दहा-बारा खड्डे आणि कोपऱ्यात मी विसरलेली बागकामाची चप्पल.

त्याच शनिवारी मंडळाच्या जेवणात मी हे पत्र हसत हसत सांगितलं आणि फसले. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसांत आर्माडिलोबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. मसालेभात संपायच्या आत माझ्याकडे सात उपाय जमा झाले: डांबराच्या गोळ्या, लाल तिखट, एरंडेल, आवाजाचं यंत्र, विष, पिंजरा आणि बंदूक. आमच्या शेजारचे काका पंधरा वर्षांपासून इथे आहेत. निकाल त्यांनीच दिला. "अगं, ह्याला दयामाया दाखवायची नसते. बागेचा सत्यानाश करतो, घराचा पाया पोखरतो, महारोग पसरवतो, आणि मुळात तो इथला नाहीच." टेबलावरच्या सगळ्या माना डोलल्या.

हा लेख त्या डोललेल्या मानांसाठी. आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही आपली जुनी रीत. काकांनी चार वाक्यांत पूर्वपक्ष मांडून माझं निम्मं काम हलकं केलं आहे. चार आरोप आणि सात उपाय. माझं म्हणणं असं, की चार आरोपांतला एक खरा आहे, एक अर्धा खरा आहे आणि उरलेल्या दोनांत दम नाही. सात उपायांतला एक जेमतेम चालतो, बाकीचे सहा पैसे आणि अब्रू घालवतात. जो उपाय खरोखर चालतो, तो त्या टेबलावर कुणी काढलाच नाही.

आधी आरोपीची ओळख. आर्माडिलो म्हटलं की माझ्या रत्नागिरीच्या मावशीला खवल्या मांजर आठवतं. तो हा नव्हे. खवल्या मांजराची खवलं आपल्या नखांसारख्या द्रव्याची असतात, आर्माडिलोची पाठ हाडाच्या तुकड्यांची. दोघांचं नातं जवळचं नाही. मुंग्या-किडे उकरून खायचा धंदा एकच, म्हणून सोंग सारखं. स्पॅनिशमध्ये त्याच्या नावाचा अर्थ 'छोटा चिलखतवाला', आणि मेक्सिकोच्या जुन्या अ‍ॅझटेक लोकांनी त्याला दिलेलं नाव म्हणजे 'कासव-ससा'. आमच्याकडे येतो तो नऊपट्टी आर्माडिलो. शेपटी धरून अडीच फूट, वजन चार ते सात किलो. घाबरला की चेंडूसारखा गोल होतो असं मुलांच्या पुस्तकात असतं; ते दक्षिण अमेरिकेतल्या तीनपट्टी भाईबंदांना जमतं, ह्याला नाही. हा घाबरला की जागच्या जागी तीन-चार फूट वर उडतो. गाडी अंगावरून निघून जाणार असते, तेव्हाच तो उडून खालून तिच्यावर आदळतो. टेक्सासच्या रस्त्यांच्या कडेला तो इतक्या संख्येनं मेलेला दिसतो, त्याला ही सवयही कारण आहे.

पत्र आलं त्या आठवड्यात मी दोन रात्री मागच्या पडवीत दिवे घालवून बसले. दुसऱ्या रात्री साडेअकराला तो कुंपणाच्या कडेनं आला. आधी आवाज आला, सर्दी झालेल्या मुलासारखा सूं-सूं. नाक जमिनीला लावून तो नागमोडी चालत होता. मध्येच थांबायचा, नाक मातीत खुपसायचा, पुढच्या पायांनी चार-पाच वेळा खसाखस उकरायचा, काहीतरी चाटून घ्यायचा आणि पुढे. एका खड्ड्याला अर्धा मिनिटही लागलं नाही. दृष्टी अशी अधू की तो माझ्या पावलापासून दोन हातांवर आला, तरी मी तिथे आहे हे त्याच्या गावी नव्हतं. मग वारा फिरला असावा. मागच्या पायांवर उभा राहून त्यानं हवा हुंगली, टुणकन उडाला आणि झुडपात गेला. सकाळी मी खड्डे मोजले, तेवीस. रुंदी चार-पाच बोटं ते जेमतेम वीत, खोली दोन-तीन इंच, वरून पसरट आणि खाली निमुळते. एकाही रोपाचं पान खाल्लेलं नव्हतं.

आता पहिला आरोप, बागेचा सत्यानाश. आर्माडिलो तिथे काय शोधतो हे समजल्याशिवाय ह्या आरोपाला उत्तर देता येत नाही, आणि ते समजायला मला विद्यापीठात जावं लागलं नाही. माझे वडील शिरोळ तालुक्यात ऊस लावत. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी आम्ही कंदील घेऊन बांधावरच्या कडुनिंबाखाली जायचो. फांद्या हलवल्या की भुंगेरे पटापट गळायचे. ते वेचून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायचं काम आम्हा पोरांचं. कारण त्या भुंगेऱ्यांची अंडी जमिनीत गेली की पुढे हुमणी. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, तोंड तपकिरी. ती उसाची मुळं खाते आणि उभा ऊस हाताला उपटून येतो. गावात हुमणीचं नाव काढलं तरी लोकांचे चेहरे पडायचे.

टेक्सासच्या लॉनमध्ये आर्माडिलो जी अळी शोधतो, ती हीच. जात निराळी, खानदान एकच: इथल्या जूनमधल्या भुंगेऱ्यांची हुमणी. शिवाय गांडुळं, मुंग्या, वाळवी, गोगलगाई. त्याच्या पोटात जातं त्यातलं बहुतेक सगळं असं किडामुंगीचंच असतं. दात खुंटीसारखे, त्यांवर कवच नाही, पुढचे दात तर नाहीतच. गवत खाणं त्याला जमतच नाही. मातीखाली काही इंच खोल असलेल्या अळीचा वास त्याला वरून येतो. म्हणजे तेवीस खड्डे हा खरं तर तेवीस अळ्यांचा, नाहीतर गांडुळांचा हिशोब आहे. वडिलांना हुमणी वेचायला असा रात्रपाळीचा गडी फुकट मिळाला असता, तर त्यांनी त्याला दिवाळीला कपडे केले असते.

पण काका म्हणतील, उसाचं ठीक, इथे लॉन आहे. बरं, लॉनचंच बोलू. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा सांगते की चौरस फुटात पाच ते दहापेक्षा जास्त हुमणी असेल तरच औषध टाकण्यात अर्थ आहे. मोजायची पद्धत सोपी. कुदळीनं एक फूट बाय एक फूट गवताच्या तीन बाजू कापायच्या, सतरंजी उलटावी तसा तो तुकडा उलटायचा आणि माती चिवडायची. मी पाच ठिकाणी पाहिलं. सगळ्यांत जास्त निघाल्या तीन. हे तुकडे परत दाबून बसवले आणि पाणी घातलं. सेंट ऑगस्टीन गवत धावत्या देठांनी पसरतं, पंधरा दिवसांत सांधा दिसेना. तेच खड्ड्यांचं. उकरलेली माती खड्ड्याच्या तोंडाशीच पडलेली असते, ती टाचेनं आत लोटायची आणि दाबायची. तेवीस खड्ड्यांना मला चहा गार व्हायला लागतो तेवढा वेळ लागला.

ह्याला नुकसान म्हणायचं का? जे टाचेनं दुरुस्त होतं त्याला मी नुकसान म्हणणार नाही. ते फोटोत वाईट दिसतं, एवढंच. घरमालक संघाच्या पत्राचा सारा रोख फोटोवर आहे, आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. वाईट दिसणं आणि वाईट होणं ह्या दोन गोष्टी एकाच कलमाखाली घालून त्यांनी एका जनावराला आरोपी केलं आहे.

शिवाय त्याला बोलावलं कुणी? आर्माडिलोला मऊ, ओलसर माती लागते. ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या आसपासची माती वीट होते. माळावर त्याचं नाक टेकत नाही. मग तो कुठे जाईल? जिथे आठवड्यातून चार पहाटे फवारे सुरू होतात तिथे. भुंगेरेही अंडी घालायला तीच ओली जमीन धरतात. आम्ही पाणी घालून अळ्या पोसतो, अळ्यांच्या वासानं तो येतो, आणि आला की आम्ही पत्र काढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशोबानं देशभरातल्या घरांच्या बागांना रोज जवळपास ९ अब्ज गॅलन पाणी जातं. नासाच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली उपग्रहांच्या चित्रांवरून काढलेला अंदाज असा, की अंगणांपासून गोल्फच्या मैदानांपर्यंतची सगळी हिरवळ मिळून सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राच्या चाळीस टक्क्यांहून जास्त क्षेत्र, आणि त्यातून पीक शून्य. एवढं ताट वाढून ठेवल्यावर पंगतीला कोण बसतं ह्याची तक्रार यजमानानं करू नये.

दुसरा आरोप पायाचा. इथे मी काकांचं निम्मं मान्य करते, कारण प्रतिवाद म्हणजे सगळंच नाकारणं नव्हे. आर्माडिलो खड्ड्यांशिवाय आणखी एक गोष्ट खणतो: बीळ. ते खड्ड्यासारखं अजिबात दिसत नाही. तोंड सात-आठ इंच रुंद, गोलसर, बाहेर मातीचा ढीग; आत ते पंधरा फुटांपर्यंत जाऊ शकतं. त्याला बिळासाठी छप्पर आवडतं. झाडाची मुळं, लाकडांचा ढीग, आणि ते नसेल तर तुमच्या एसीच्या यंत्राखालची काँक्रीटची लादी, पडवीचा कट्टा, गाडी लावायच्या उताराची कड. लादीखालची माती गेली की लादी कलते आणि एसीचा पाइप ताणला जातो. पायाच्या कडेला बीळ झालं तर पावसाचं पाणी आत शिरायला वाट मिळते. हे खरं नुकसान आहे. आमच्या एसीच्या लादीखाली गेल्या हिवाळ्यात असं बीळ निघालं होतं, तेव्हा माझीही झोप उडाली होती.

उरलेलं निम्मं मात्र मान्य नाही. आमच्या वसाहतीत ज्याच्या भिंतीला तडा गेला, तो आर्माडिलोकडे बोट दाखवतो. ज्यानं सोलापूर-परभणीकडची काळी जमीन उन्हाळ्यात पाहिली आहे, त्याला तरी ही चूक शोभत नाही. टेक्सासची प्रातिनिधिक म्हणून मानली जाणारी माती, 'ह्यूस्टन ब्लॅक', ही आपल्या रेगूरचीच सख्खी: ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. ह्या भागात फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या चिकणमातीवर घरं बांधून त्यांचे पाये तडकणं ही आर्माडिलोची करामत नव्हे. तो दगा मातीचा आणि दुष्काळाचा. तड्याजवळ बीळ नसेल तर आरोपी दुसरा शोधा.

तिसरा आरोप महारोगाचा. तो ज्या सुरात झाला त्याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. तथ्य आधी. होय, आर्माडिलोच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू असू शकतात. त्याच्या शरीराचं तापमान ३२ ते ३५ अंश, म्हणजे आपल्यापेक्षा कमी, आणि ह्या जंतूला थंडावा मानवतो. १९७१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आर्माडिलोत हा रोग वाढवता येतो हे दाखवलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतले, म्हणजे टेक्सास-लुइझियानाच्या बाजूचे, काही रुग्ण आणि तिथले आर्माडिलो ह्यांच्यात जंतूचा एकच वाण सापडला. म्हणून तो उघड्या हातानं धरू नये, मारून खाऊ नये, त्याच्या बिळाजवळची माती हातमोज्यांनीच काढावी. एवढी सावधगिरी पुरते.

आता तथ्याची दुसरी बाजू. पंचाण्णव टक्क्यांहून जास्त माणसांना ह्या जंतूची निसर्गतःच बाधा होत नाही. अमेरिकेत वर्षाला कुष्ठरोगाचे दोनशेच्या आसपास रुग्ण निघतात. भारतात अजून लाखाच्या घरात निघतात, आणि भारतात एकही जंगली आर्माडिलो नाही. रात्री तुमच्या लॉनवरून चालत जाणारा प्राणी तुम्हाला रोग देऊन जात नाही. आणि त्याला हा रोग आला कुठून? माणसांकडून. युरोपातून आलेल्या लोकांनी हा जंतू अमेरिकेत आणला. उलट देणं त्याचंच आपल्यावर आहे. हा जंतू प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत वाढत नाही, त्यामुळे संशोधनासाठी तो वर्षानुवर्षं आर्माडिलोच्या शरीरात वाढवला गेला. २००१ साली कुष्ठरोगाच्या जंतूचा जनुकीय आराखडा पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. तो वाण तामिळनाडूतल्या एका रुग्णाचा होता, आणि वाचण्यापुरता तो वाढवला होता आर्माडिलोत.

ज्या राज्यात १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती उभी केली, वरोऱ्याच्या माळावर आनंदवन वसवलं, त्या राज्यातून आलेली आपण माणसं. औषधानं बरा होणारा रोग आहे, पहिल्या काही मात्रांतच संसर्ग थांबतो, हे आपल्याला शाळेत शिकवलं गेलं. तरी जेवणाच्या टेबलावर 'महारोग' हा शब्द अजून शिवीसारखा पडतो. जनावराला त्याचं काहीच वाटणार नाही. पण त्या टेबलावर कुणाच्या घरात हा आजार होऊन गेला असेल, तर त्या माणसाला वाटलं असेल.

चौथा आरोप: तो इथला नाही. खरं आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो रिओ ग्रांदे ओलांडून मेक्सिकोतून टेक्सासात आला, मग ओक्लाहोमा, कॅन्सस, मिझुरी असा उत्तरेला सरकत गेला. नदीतून तो तळाशी चालतही जातो, श्वास पाच-सहा मिनिटं धरून. किंवा पोटात हवा भरून तरंगतो. फ्लोरिडात मात्र त्याला १९२०च्या दशकात माणसांनीच नेऊन सोडलं. आता ह्यावर आमच्यातले प्राणिप्रेमी पटकन म्हणतात, "आपण तरी कुठे इथले?" हा युक्तिवाद मी वापरणार नाही. तो टाळीचा आहे, कामाचा नाही. कोण आधी आलं ह्यावरून लॉनमधला खड्डा भरत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो समुद्री कासवांची अंडी खातो, तिथे त्याला आवरायलाच हवं, मग तो आला केव्हाही असो. केटीच्या लॉनमध्ये तो अळ्या खातो, तिथे आवरायचं कारण नाही, तेही तो आला केव्हाही असो. बाकी टेक्सासनं १९९५ साली त्याला राज्याचा छोटा सस्तन प्राणी म्हणून अधिकृत मान दिला आहे. टी-शर्टावर तो हवा आणि अंगणात नको, हा हिशोब काकांनीच एकदा बसवून दाखवावा.

आरोप संपले, आता उपाय. डांबराच्या गोळ्यांपासून सुरुवात करू, कारण आपल्या लोकांचा त्यांच्यावर फार भरवसा. कपाटातल्या शालूला जे लागू पडतं ते जगात सगळीकडे लागू पडतं असं आपण मानतो. मोकळ्या अंगणात त्यांचा वास दोन दिवस टिकतो आणि आर्माडिलोला त्यानं काही फरक पडत नाही. पडतो तो मातीला आणि मुलांना. नॅफ्थलीन पोटात गेलं तर घातक, आणि रक्तातल्या जी-सिक्स-पी-डी ह्या विकराची कमतरता असलेल्या मुलांना जास्तच; ती कमतरता भारतीयांत दुर्मीळ नाही. शिवाय डब्यावरच्या सूचनेबाहेर वापर करणं इथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. लाल तिखट पहिल्या फवाऱ्यात वाहून जातं. एरंडेलाच्या बाटल्या दुकानात छान दिसतात. आर्माडिलोवर त्यांचा भरवशाचा परिणाम कुणी दाखवलेला नाही. आवाजाच्या यंत्राची कथा तीच. विषाचं तर बोलूच नका: आर्माडिलोसाठी नोंदलेलं विष ह्या देशात नाही. जो अळ्या हुंगत फिरतो तो विषाची गोळी कशाला खाईल? ती खाईल शेजाऱ्याचं कुत्रं.

बंदुकीचा उपाय सांगणाऱ्यांना २०१५ सालच्या दोन बातम्या सांगते. एप्रिलमध्ये जॉर्जियात एका गृहस्थानं पिस्तुलानं आर्माडिलो मारला. गोळी त्याला मारून उसळली, कुंपणाला लागून वळली, सासूबाईंच्या घराच्या दारातून, त्यांच्या आरामखुर्चीतून आरपार होऊन त्यांच्या पाठीत लागली. सासूबाई वाचल्या, घरातली बोलणी कशी झाली ते बातमीत नव्हतं. जुलैमध्ये आमच्याच टेक्सासच्या पूर्वेला एकानं पहाटे तीनला तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक परत येऊन त्याच्याच जबड्याला लागली. आर्माडिलो सापडला नाही. वसाहतीत गोळी झाडणं बहुतेक शहरांत बेकायदा आहे, हे वेगळं.

राहिला पिंजरा. सातांतला हा एकच जेमतेम चालतो, आणि तोही माणसं चुकीचा लावतात. लॉनच्या मधोमध, आत केळं ठेवून. केळ्याला तो हिंग लावून विचारत नाही. पिंजरा लावायचा तर त्याच्या बिळाच्या तोंडाशी किंवा भिंतीच्या कडेच्या नेहमीच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांच्या फळ्या उभ्या करून, म्हणजे नाक खाली घालून चालणारा तो आपोआप आत जातो. पण आत गेल्यावर पुढे काय? लोक म्हणतात, गाडीत घालून दूर जंगलात सोडू. अनेक राज्यांत असा पकडलेला प्राणी परवानगीशिवाय दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. टेक्सासात जिवंत आर्माडिलो बाळगायला आणि विकायला बंदी आहे. रोगाची एवढी भीती वाटते, तर तो रोग चाळीस मैलांवर नेऊन टाकायचा हा कुठला न्याय? आणि तुमचं लॉन ओलं आहे तोवर रिकामी जागा दुसरा आर्माडिलो भरतो. मला एका माणसानं पकडून न्यायचे साडेचारशे डॉलर सांगितले. परत आला तर, असं विचारलं. म्हणाला, तेव्हा परत बोलवा. त्याचा धंदा मला तेव्हा कळला.

हुमणीच मारून टाकू, म्हणजे त्याला खायलाच मिळणार नाही, असंही एक म्हणणं ऐकू येतं. दिसायला हे शहाणपणाचं आहे. पण औषध लागू पडतं ते उन्हाळ्यात अळ्या लहान असताना. मोठ्या झाल्यावर पैसे मातीत. गांडुळं आणि मुंग्या उरतातच, त्यामुळे तो येतोच. चौरस फुटात तीन अळ्यांसाठी आख्ख्या अंगणात विष ओतणं म्हणजे ढेकूण मारायला घर जाळणं.

मग काय करायचं? इथे मी माझ्या शीर्षकाकडे येते. खड्डा आणि बीळ वेगळे करा, आणि सगळी ताकद बिळावर लावा. मी काय केलं ते सांगते. एसीच्या लादीखालच्या बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचे चुरगाळलेले कागद सैल कोंबले. दुसऱ्या दिवशी कागद बाहेर. म्हणजे आत मुक्काम. मार्च-एप्रिलात हे करायचं नाही, कारण तेव्हा आत पिल्लं असतात. एकाच अंड्यातून झालेली चार जुळी, चारही नर किंवा चारही मादी. मी मे संपेपर्यंत थांबले. पुन्हा कागद कोंबले. ह्या वेळी चार दिवस कागद हलला नाही, बीळ रिकामं होतं. ते मातीनं ठासून भरलं. मग लादीभोवती फूटभर खोल चर खणला, एक इंची चौकटीची जस्त लावलेली वेल्डेड जाळी उभी उतरवली, आणि तळाशी तिला बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवली, एल अक्षरासारखी. तो कडेला उकरायला लागतो, आडव्या जाळीवर नखं आपटतात आणि तो सोडून देतो. मागे सरून लांबून उकरायची अक्कल त्याला सुचत नाही. असंच पडवीच्या कट्ट्याला. भाजीच्या दोन वाफ्यांना दोन फुटी कुंपण, वरचा भाग बाहेर झुकवलेला, कारण तो चढतोही. जाळी, खुंट्या, हातमोजे मिळून खर्च पकडणाऱ्याच्या एका फेरीच्या निम्म्याहून कमी, आणि मेहनत दोन रविवारांची.

पाण्याचं दुसरं. फवारे आठवड्यातून एकदाच, पण खोलवर. गवताच्या मुळांनाही तेच मानवतं. घराला चिकटलेला पालापाचोळा आणि लाकडांचा ढीग दूर नेला. पुढच्या अंगणाचा तिसरा भाग लॉनमधून काढून तिथे कमी पाण्याची स्थानिक झुडपं लावायचा अर्ज संघाकडे केला आहे. संघ कुरकुर करेल, पण २०१३ सालापासून टेक्सासच्या कायद्यानं असा बगीचा सरसकट नाकारायचा अधिकार त्यांना उरलेला नाही.

शेवटचा आक्षेप मला माहीत आहे, तो काकांनी जाता जाता दारात केलाच. "पैसे आपण भरायचे, कर्ज आपलं, आणि अंगणात खड्डे त्यानं पाडायचे?" ह्याला माझं उत्तर हिशोबाचंच आहे. घराला जिथे धक्का लागतो, तिथे मी एक इंचही सोडलेला नाही. जिथे फक्त शोभेला धक्का लागतो, तिथे मी रोज सकाळी दहा मिनिटं टाच वापरते. मालकीचा अर्थ सगळीकडे सारखं लढणं असा असेल, तर काकांनी दरवर्षी जेवढे डांबराचे डबे आणले, तेवढ्यात त्यांचा कट्टा दोनदा जाळीत बसला असता.

संघाला मी हेच लिहून पाठवलं: खड्डे भरले आहेत, उद्या पुन्हा पडतील, पुन्हा भरेन, बीळ बंद केलं आहे, त्याचा फोटो जोडला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. आर्माडिलो येतो. एसीच्या लादीजवळ जाळीच्या कडेला त्याच्या नखांचे ओरखडे एकदोन दिवस दिसले, मग थांबले. लॉनमध्ये परवा सतरा खड्डे होते.

काल संध्याकाळी काकांचा फोन आला. आर्माडिलोबद्दल त्यांचं मत काही बदललेलं नाही, तो नालायकच आहे. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की ती जाळी किती फूट लागली आणि कुठे मिळते.